‘काही नाही’ आणि दोन पानं

दांडेकर पुलाच्या सिग्नलला रिक्षा थांबली तशी रिक्षावाल्या दादांनी सीटच्या मागून एक भलंमोठं पाकीट ओढून काढलं आणि आरशातूनच विचारलं, “ताई, इंग्रजी वाचता ना तुम्ही?” आरशातून, कारण मागे वळता येत नव्हतं. खाकी शर्टावरून कमरेचा पट्टा आवळलेला. घामाने त्याची कड काळी पडलेली आणि वेल्क्रोमध्ये इतके दोरे-केस अडकलेले, की तो दर दोन मिनिटांनी सुटायचा आणि ते डाव्या हाताने पुन्हा चेपायचे. पाकिटात एमआरआयची फिल्म होती आणि दोन पानी रिपोर्ट. “काल दाखवला डॉक्टरांना. म्हणाले, काही नाही, काळजी करू नका. आता तुम्हीच सांगा, काही नाही तर मग ही दोन पानं भरली कशाने?”

मी वाचला. एल-फोर एल-फाइव्ह, एल-फाइव्ह एस-वन, डिफ्यूज बल्ज, थीकल सॅकवर दाब, सांध्यांत झीज, आणि जवळजवळ प्रत्येक ओळीत ‘माइल्ड’. तळाला, सहीच्या वर, पेशंटला तपासून मगच याचा अर्थ लावावा अशा अर्थाची एक ओळ. मी म्हटलं, “दादा, माइल्ड म्हणजे थोडंसं. सगळं थोडंसंच लिहिलंय.” ते म्हणाले, “ते कळलं हो. पण थोडंसं काय?” सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्नचा गजर लावला. मी ओरडूनच विचारलं, “डॉक्टरांनी पाठ बघितली का तुमची?”

“बघितली ना. कॉम्प्युटरवर.”

बँकेत माझ्या टेबलाशी लोक फॉर्म वाचून घ्यायला येतात, त्यामुळे दुसऱ्याचा कागद वाचणं मला नवीन नाही. पण कर्जाच्या कागदात एक बरं असतं, आकडा लिहिलेला असतो. हा कागद वाचून माणसाला किती घाबरायचं ते ठरवता येत नव्हतं, आणि ज्यांनी ते ठरवून सांगायचं त्यांनी दोन शब्दांत विषय मिटवला होता. स्वारगेटला उतरून पैसे दिले तेव्हा एवढंच म्हटलं, की परत जाल तेव्हा हाच प्रश्न त्यांना विचारा, रिपोर्ट पुढे धरून विचारा. त्यांनी मान हलवली. विचारणार नाहीत हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. बाहेर तीस माणसं बसलेली असताना, चारशे-पाचशे रुपये मोजून, ‘म्हणजे काय’ असं विचारायला जी छाती लागते ती आपल्यापैकी किती जणांकडे असते?

डॉक्टर खोटं बोलले होते असं मुळीच नाही. कंबर धरून येणाऱ्या दहांतल्या साधारण नऊ जणांच्या दुखण्याला नेमकं बोट ठेवता येईल असं कारण सापडत नाही, आणि बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत उतरतं, हे वैद्यकाला चांगलं माहीत आहे. ‘काही नाही’ म्हणताना त्यांच्या मनात एक अख्खी यादी खोडून झालेली असते: गाठ नाही, हाड मोडलेलं नाही, जंतुसंसर्ग नाही, आपल्याकडे विसरून चालत नाही तो मणक्याचा टीबी नाही, लघवी अडकवणारा दाब नाही. ती यादी खोडली गेली यातच सगळा दिलासा आहे, पण ती कुणी वाचून दाखवत नाही. पेशंटपर्यंत पोचतो तो फक्त निकाल, आणि तो त्याला असा ऐकू येतो: तुला काही झालेलं नाही, तू उगाच आलास. रात्री कुशीवर वळताना जीव जातोय तो कुठल्या खात्यात टाकायचा हे त्याला उमगत नाही.

आमच्या लहानपणी, नारायण पेठेतल्या वाड्यात, कुणाला उसण भरली की मागच्या खोलीतल्या एक काकू बोलावल्या जायच्या. त्या पायाळू, म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेल्या. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण उतरते, यावर वाड्यात दुमत नव्हतं. आणीबाणीवर होतं, यावर नव्हतं. काकू पदर खोचून यायच्या, आधी अंगठ्याने कंबर चाचपायच्या. “इथं? की इथं? हां, सापडली.” पेशंट कळवळला की त्या खूश व्हायच्या. मग पाय लावायच्या, आणि जाताना पुढचं सगळं सांगून जायच्या: आज उठताना ओरडशील, उद्या खोकलास तर जीव जाईल, परवापासून सैल पडेल, आणि पडून राहू नकोस, ओसरीवर फेऱ्या मार. तसंच व्हायचं. उसण आपली आपण उतरणारच असते, त्यामुळे काकूंचा हातखंडा कधी मोडला नाही. त्यांच्या पायात काहीही नव्हतं हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. पण दुखतंय तिथे बोट ठेवणं, उद्या काय होईल ते आज सांगणं आणि चालायला लावणं, या तीन गोष्टी त्या चहाच्या कपावर करत होत्या.

माझी कंबर गेली ती सकाळी दुधाची पिशवी उचलताना. काही वजनबिजन नाही, अर्धा लिटर. वाकले आणि खाली कुठेतरी खटका पडल्यासारखं झालं. मग दाराची चौकट धरून किती वेळ उभी होते देव जाणे. शेजारच्या आजोबांनी जिन्यातून येताना “काय गं, आज दारात?” विचारलं आणि मला हसू आवरेना, हसलं की कळ यायची.

आठवड्याने मोठ्या रुग्णालयात गेले. टोकन, फाइल, वजनकाटा, कॉरिडॉरमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या. कंबरदुखीच्या ओपीडीबाहेर बसायला अशा खुर्च्या ठेवणाऱ्याला खरोखर एकदा भेटायला हवं. आत डॉक्टरांनी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली, “वयानुसार आहे, टेन्शन घेऊ नका,” म्हणाले. अगदी प्रेमाने म्हणाले, हसले सुद्धा. आणि निघताना असिस्टंटने हातात छापील कागद दिला. खाली वाकू नये. मांडी घालून बसू नये. वजन उचलू नये. भारतीय पद्धतीचा संडास वापरू नये. मऊ गादी वापरू नये. दुचाकी चालवू नये. प्रत्येक सूचनेपुढे एका गोलमटोल माणसाचं चित्र, त्यावर लाल फुली.

पुण्यात राहून दुचाकी चालवू नये!

आता यातलं मी काय धरायचं होतं? टेन्शन घेऊ नका हे, की ती लाल फुल्यांची रांग? ज्याच्या कमरेत ‘वयानुसार’ एवढंच आहे त्याला वाकायची बंदी कशाला? आणि बंदी असेल तर मग वाकल्यावर आत काहीतरी तुटत असणार. मी कागद फ्रिजवर लावला आणि डोक्यावर भरलेली कळशी असल्यासारखी घरात वावरायला लागले. खाली पडलेला चमचा मुलाला उचलायला सांगायचे. कंबर दुखायची राहिली तरी मी दुखेल म्हणून जपत होते, आणि जपल्यामुळे ती जास्त आखडत होती, हे मला पुढे कळलं. डॉक्टरांच्या तोंडचं वाक्य खोलीतच राहिलं. कागद घरी आला.

रिक्षावाल्या दादांचंही तेच झालेलं. एका हाताने दिलासा, दुसऱ्या हाताने दोन पानं. आणि कागद नेहमी जिंकतो, कारण तो पुन्हा काढून वाचता येतो, मेव्हण्याला दाखवता येतो, व्हॉट्सॲपवर पाठवता येतो. खरं तर त्या दोन पानांत भिण्यासारखं किती असतं? १९९४ साली अमेरिकेत ९८ माणसांच्या कमरेचे एमआरआय काढून पाहिले. त्यांतल्या कुणाचीही कंबर दुखत नव्हती. तरी त्यांतल्या ६४ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या निदान एका चकतीत तरी काहीतरी निघालंच. म्हणजे लक्ष्मी रोडवर खरेदीला आलेल्या धडधाकट माणसांना धरून यंत्रात घातलं तर निम्म्याहून अधिक जण आमच्यासारखेच रिपोर्ट घेऊन बाहेर येतील, आणि संध्याकाळपर्यंत त्यांतल्या काहींची कंबर दुखायला लागेल. हे शेवटचं मी गमतीने म्हणत होते, पण कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये एस. राजशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळपास असंच पाहिलं. २०२१ मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. कंबर दुखते पण एमआरआयमध्ये गंभीर काही नाही, अशा पेशंटचे दोन गट केले. एका गटाला रिपोर्टमधली प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी समजावली, दुसऱ्याला सांगितलं की तुमचा मणका ठीक आहे, वयामुळे किरकोळ बदल आहेत इतकंच. सहा आठवड्यांनी पहिल्या गटाची अवस्था वाईट होती. आपली पाठ बिघडलेली आहे हे त्यांच्या मनाने घेतलं होतं, आणि दुखणंही त्यांचं कमी उतरलं होतं.

हे वाचून मी जराशी गडबडले. कारण मग ‘काही नाही’ म्हणणारे डॉक्टरच बरोबर ठरतात की! सगळं उलगडून सांगावं अशी माझी मागणी, आणि इथे उलगडून सांगितल्यानेच माणसं आजारी. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं मला वाटतं. रिपोर्टमधले शब्द समजावणं निराळं आणि कंबर का दुखते, काय नाही, आता काय होईल हे समजावणं निराळं. पहिल्यात माणसाच्या हाती बिघाडांची यादी येते. शिवाय आपल्याकडे तो रिपोर्ट पेशंटच्याच हातात असतो, गादीखाली जपून ठेवलेला. तो न समजावल्याने नाहीसा होत नाही. डॉक्टर नाही समजावणार तर इंग्रजी येणारी कुणीतरी बाई सिग्नलला समजावणार.

मग मी डहाणूकर कॉलनीतल्या एका लहानशा दवाखान्यात गेले, मैत्रिणीच्या सांगण्यावरून. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवून आधी चपला काढायला लावल्या. चवड्यांवर चाला, टाचांवर चाला. टेबलावर आडवं करून एकेक पाय सरळ वर उचलला, गुडघ्यावर हातोडी मारली, पावलांवर कापसाचा बोळा फिरवून विचारलं, दोन्हीकडे सारखंच लागतंय ना? मध्ये मध्ये प्रश्न: ताप येतो का, वजन उतरलंय का, रात्री दुखून झोपमोड होते का, पूर्वी कधी गाठ-बिठ, टीबी? लघवीला त्रास? बसतो त्या जागी बधिर वाटतं का? या शेवटच्या प्रश्नाला मी चमकले, तर म्हणाले, “घाबरू नका, का विचारतोय ते सांगतो.” आणि प्रत्येक प्रश्न कशासाठी होता ते सांगितलं. म्हणजे ती खोडलेली यादी त्यांनी माझ्यासमोर एकेक करून खोडली. उजवं पाऊल त्यांच्या हातात असताना मला पहिल्यांदा वाटलं, की या माणसाला माझी कंबर माहीत आहे.

मग त्यांनी विचारलं, “तुम्हाला नेमकी कसली भीती वाटतेय?”

हे कुणी विचारलं नव्हतं. मी बोलत सुटले. ऑफिसमधल्या एकीच्या नवऱ्याचं मणक्याचं ऑपरेशन, त्याची ती काठी, माझी स्कूटर, आईचं आयुष्य. त्यांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाले, तुमच्या पायातली ताकद पूर्ण आहे, नसेवर दाब असल्याची एकही खूण मला सापडली नाही, त्यामुळे ऑपरेशनचा विषयच नाही. दुखणं स्नायूंचं आणि सांध्यांचं, ते अजून दोन-तीन आठवडे चढउतार करेल. वर्षभरात परत एखादी चमक येऊ शकते, आली तर याचा अर्थ नवीन काही मोडलं असा नाही. आणि पायाला जोर लागेनासा झाला किंवा लघवी अडकली तर फोन न करता सरळ हॉस्पिटल गाठा, त्याच दिवशी. परत दुखेल असं सांगून कुणी धीर देतं का? मला मात्र त्यानेच धीर आला. कधी घाबरायचं ते ठरवून दिलं होतं, त्यामुळे बाकीच्या वेळी घाबरायचं कारण उरलं नाही. फ्रिजवरचा कागद दाखवला तेव्हा ते फक्त म्हणाले, “काढून टाका. स्कूटर पुढच्या आठवड्यापासून. खड्डे चुकवा, ते मणक्यासाठी नव्हे, स्कूटरसाठी.”

गोडबोल्या डॉक्टरांवर मी उगाच घसरतेय असं वाटेल. पण यावरही बाहेर अभ्यास झालेला आहे. इंग्लंडमधल्या टॅमर पिंकस यांनी २०१३ मध्ये सहकाऱ्यांसोबत जुने अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा दिलाशाचे दोन प्रकार त्यांनी वेगळे काढले: एक मायेचा, दुसरा समजुतीचा. समजावून सांगितलेल्या पेशंटना पुढे बरं वाटत गेलेलं दिसलं. नुसत्या मायेने धीर दिलेल्यांना काही ठिकाणी उलट पुढे त्रास जास्त राहिला. असं का, याचा त्यांचा एक तर्क मला फार पटतो: कुणीतरी काळजी घेतंय म्हटल्यावर माणूस निर्धास्त होतो आणि पुढचं ऐकत नाही, स्वतः विचार करत नाही. तरीही समजावण्याचा फार डांगोरा पिटू नये. ऑस्ट्रेलियात २०१९ साली एका चाचणीत ताज्या कंबरदुखीच्या पेशंटना तासा-तासाच्या दोन बैठकांत दुखण्याचं शास्त्र शिकवलं, आणि दुसऱ्या गटाचं तेवढाच वेळ नुसतं मन लावून ऐकून घेतलं, सल्ला काही दिला नाही. तीन महिन्यांनी दोघांचं दुखणं सारखंच. हे कळलं तेव्हा मला वाड्यातल्या काकूंचा अंगठा आठवला.

माझा एक वर्गमित्र कोथरूडला अस्थिरोगतज्ज्ञ आहे. त्याला हे सगळं ऐकवलं. तो शांतपणे पोहे खात म्हणाला, “एका पेशंटला पंधरा मिनिटं समजावली की बाहेरचे दहा जण माझ्या नावाने खडे फोडतात. आणि समजावून, एमआरआय न काढता, व्यायाम सांगून पाठवला ना, की तो म्हणतो या डॉक्टरला काही येत नाही. तिकडे जाऊन एमआरआय काढून येतो आणि तोच मला आणून दाखवतो.” यावर मला उत्तर सुचलं नाही. आपल्यालाही फोटोच हवा असतो, हे खरं. पाठीवर हात ठेवून सांगितलेलं निदान स्वस्त वाटतं.

आईचं आयुष्य म्हटलं मघाशी. १९८८ साली तिला सांगण्यात आलं, मणक्यात गॅप आहे. आमचे त्या वेळचे फॅमिली डॉक्टर देवमाणूस, घरी यायचे. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “वहिनी, मी आहे, तुम्ही फक्त वाकायचं नाही.” सहा आठवडे ती फळीवर पडून होती. उठली ती खुर्चीवरच बसायला लागली. हळदीकुंकवाला चटईवर बायका आणि आई एकटी वर, पाहुणी आल्यासारखी. आईची रांगोळी वाड्यात नावाजलेली. ठिपक्यांची नव्हे, हाताच्या सोडीने काढलेली मुक्त वेलबुट्टी, पिठासारखी बारीक. चिमूट कशी सोडायची हे तिने मला शिकवलं ते खुर्चीवर बसून, वरून सूचना देत. त्या काळी सगळेच डॉक्टर पडून राहायला सांगत, एकट्या आमच्या डॉक्टरांचा दोष नाही. १९९५ मध्ये हेलसिंकीत नगरपालिकेच्या १८६ नोकरदारांवर प्रयोग झाला. काहींना अंथरुणावर पडायला लावलं, काहींना व्यायाम दिले, काहींना सांगितलं जमेल तसं रोजचं काम करत राहा. रोजचं काम करणारे सगळ्यांत आधी बरे झाले. ही बातमी नारायण पेठेत यायला बराच उशीर झाला असावा.

गेल्या दिवाळीनंतर आईला खांद्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे नेलं. मुलगी तिशीतली, चटपटीत. तिने बोलता बोलता आईला खाली ठेवलेली पिशवी द्यायला सांगितली आणि आईने माझ्याकडे बघितलं. “कंबर आहे ना माझी,” आई म्हणाली, जशी काय इतरांना नसते. मुलीने सगळी कहाणी ऐकली, कंबर तपासली, इकडून तिकडून वाकवून पाहिली आणि म्हणाली, “आजी, वाका की बिनधास्त. सुरुवातीला थोडं ताणेल, पण वाकलं म्हणून काही मोडत नाही.”

“मग तेव्हा का नाही म्हणाले?”

“तेव्हा तसंच सांगायचे, आजी.”

येताना रिक्षात आई नळ स्टॉपपर्यंत गप्प होती. मला वाटलं खूश असेल. मग एकदम म्हणाली, “तुझ्या लग्नात दारातली रांगोळी मी पैसे देऊन काढून घेतली होती. कसली ढोबळ काढली होती त्या बाईने. पाय मोडलेला मोर.” मी म्हटलं, आता काढ की, पाडव्याला. ती म्हणाली, “आता कमरेला परवानगी मिळाली तर गुडघे नाही म्हणतात.”

“मग गुडघ्यांचं विचारू या का तिला परत?”

“नको बाई,” आई म्हणाली, “लगेच फोटो काढायला लावतील.”